मुक्काम आत की बाहेर

प्रश्न जावयानं विचारला, आणि फार आदरानं विचारला. "बाबा, तुम्ही तिथलेच. तुम्हीच सांगा, पार्कच्या आत राहायचं की बाहेर?"

तिथला म्हणजे मी कर्जत तालुक्यातला, भिवपुरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी राहणारा. पार्क खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या पलीकडे. पण पुण्याहून पाहिलं की घाटाखालचं सगळं एकच दिसत असावं. ते पार्क मी एकदाच पाहिलं होतं, तेही एका लग्नाला जाताना एसटीच्या खिडकीतून. झाडांच्या वर लोखंडी रुळांची प्रचंड वेटोळी, आणि त्यांवरून स्वतःच्या खर्चानं किंचाळत चाललेली माणसं. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार वाक्यं ठामपणे बोलायची सवय त्या नोकरीत लागते. तरी या वेळी मी सावध राहिलो. "बघून सांगतो," म्हटलं.

लेक, जावई आणि सहा वर्षांचा नातू पुढच्याच आठवड्यात कॅनडाला चालले होते. निदान तीन वर्षं तरी परत येणं नव्हतं. जाण्याआधी नातवाला पार्क दाखवायचं कबूल केलेलं होतं, आणि हल्ली मुलांना दिलेला शब्द फार कसोशीनं पाळला जातो. बांधाबांध, बँकेची कामं आणि निरोपाची जेवणं वगळून शनिवार-रविवार असे दोनच दिवस उरले होते. त्यात पार्क. सोबत व्याही आणि विहीणबाई.

माझ्या बायकोला त्यातली एक रात्र हवी होती. लेकीनं जाण्याआधी एक रात्र आपल्या घरी झोपावं, सकाळी तिला कुणी उठवू नये, एवढंच. आदल्या महिन्यात आम्ही पुण्याला राहून आलो होतो. पण तिथे लेक खोक्यांमधून वाट काढत कुणाची सून, कुणाची आई आणि सगळ्यांची हमाल होऊन फिरत होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. जाता जाता आईला म्हणाली होती, "झोपच पुरत नाही गं." तेवढं एक वाक्य बायकोनं पुण्याहून घरी आणलं आणि त्याच्यावर महिना काढला.

हे तिनं मला सांगितलं मात्र नाही. आमच्या घरात कुणी काही मागत नाही. तशी रीतच आहे. मला कळलं ते तिनं माळ्यावरच्या गोधड्या काढून उन्हात टाकल्या तेव्हा.

"थंडी वाढलीय," ती म्हणाली.

थंडी वाढली नव्हती.

जावई माणूस उत्तम आहे. फक्त तो कुठलीही गोष्ट तक्ता केल्याशिवाय करत नाही. लग्नाआधी आमच्या लेकीचाही केला असेल, आणि ती त्यात पास झाली असेल. त्यानं घरच्या ग्रुपवर तक्ता टाकला. तीन रकाने होते: 'आत', 'बाहेर – व्हिला' आणि 'बाहेर – इतर'. डावीकडे अंतर, नाश्ता, पार्किंग, पोहण्याचा तलाव, वायफाय, लोकांचं मत. आमचं घर 'इतर'मध्ये होतं. नाश्त्यापुढे 'हो', पार्किंगपुढे 'अंगण', वायफायपुढे 'बाबांना विचारणे'. लोकांच्या मतापुढची जागा रिकामी होती. इतकी वर्षं या घरात पाहुणे येताहेत, जेवताहेत, झोपताहेत, पण तारे देऊन कुणी गेलं नाही.

बायकोनं चष्मा लावून तक्ता वाचला. "इतर म्हणजे आपण?"

"आपण."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

व्हिलाचा रकाना आमच्या शेजाऱ्यासाठी होता असं म्हणायला हरकत नाही. आमच्या कुंपणापलीकडे त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं आणि भातानंतर वाल. आता तिथे बंगला आहे. नाव इंग्रजीत आहे आणि स्वर्गाच्या आसपासचं काहीतरी आहे. दारात प्लॅस्टरचा हत्ती, मागे निळ्या फरशीचं टाकं. पूर्वी तिथे त्याच्या म्हशी बसायच्या. आता शनिवारी ठाण्या-मुंबईचे लोक बसतात, साधारण त्याच पद्धतीनं. शेजाऱ्याच्या कानावर गोष्ट जायला वेळ लागला नाही.

"काका, आमच्याकडं उतरवा की," कुंपणावर हात टाकून तो म्हणाला. "सोमिंग पूल हाय, रेन डान्स हाय. पोरीला माहेरी आल्यासारखं वाटंल आन् विहीणबायला हाटेलात आल्यासारखं. तुमाला अजून काय पायजे?"

खरं सांगायचं तर या प्रश्नावर एवढं मुद्देसूद उत्तर मला नंतरही कुणी दिलं नाही. मी बायकोकडे पाहिलं.

"लेक शेजाऱ्याकडे उतरवायची?" ती हळूच म्हणाली. "उद्या गावात विचारतील, आईबापाशी भांडून आली का?"

"आगं काकी, भाडं नाय घेनार मी."

"मग तर नकोच रं बाबा. भाडं दिलं तर निदान म्हणता तरी येईल की घर लहान पडलं."

असा तो मधला रकाना निकाली निघाला. उरलं आत आणि आम्ही.

शेजारी बुधवारच्या बुधवार पाहुण्यांसाठी कोंबड्या आणि टाक्यात टाकायची पावडर आणायला खोपोलीला जातो. त्याच्या टेंपोतून मी पार्कचं हॉटेल बघून यायचं ठरवलं. टेंपो त्यानं थेट पोर्चमध्ये घातला. दारावरच्या फेटेवाल्यानं मला सलाम केला आणि लगेच टेंपोकडे बघून तो परत घ्यावा की काय या विचारात पडला. आत इतका गार वारा होता की खिशातल्या रुमालानं कान बांधावेसे वाटले. मधोमध कारंजं, त्यात सोनेरी रंगाचा एक प्राणी. घोडा असावा, पण पंख होते आणि चेहरा आमच्या जुन्या ग्रंथालयाच्या अध्यक्षांसारखा होता. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिनं खोली दाखवली. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. अंग पुसायचं तर आधी हंस मोडावा लागणार. खिडकीतून पार्कचे रूळ दिसत होते, आणि त्यांच्यामागे आमचेच डोंगर, पण जरा लांबचे आणि जास्त नीटनेटके.

"सर, इन-हाउस गेस्टला पार्कची लाइन नसते," ती म्हणाली. "दुपारी रूमवर येऊन आराम करून परत जाता येतं. बाहेर राहणाऱ्यांना ते नाही मिळत. आणि बच्चे लोक नाश्त्याला कार्टूनबरोबर बसतात."

"मोठे लोक कुणाबरोबर बसतात?"

ती हसली. या प्रश्नाची तिला सवय नसावी.

मी थट्टा करत होतो, पण आत राहायचं म्हणणं खोटं नव्हतं. लहान मूल, दोन म्हातारी माणसं, दमलेली लेक. आमच्या घरून सकाळी निघायचं, पार्क गाठायचं, दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि संध्याकाळी परत तोच रस्ता. आणि रस्ता शनिवारचा. एखादी रांग टाळण्यासाठी माणसं काय काय करतात हे मी पाहिलंय. मग मधला मार्ग सुचला आणि माझा मलाच अभिमान वाटला. शनिवारी रात्री आत, रविवारी पार्क जरा लवकर आटपून संध्याकाळी आमच्या घरी. सोमवारी सकाळी सावकाश उठून पुणे.

"परफेक्ट, बाबा," जावई फोनवर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन. शनिवार-रविवार आत राहायचं तर दोन्ही रात्री घ्याव्या लागतात, एक देत नाहीत. म्हणजे आत तर पूर्ण आत, नाहीतर पूर्ण बाहेर. तो स्वतःही हळहळला. "तुम्ही म्हणाल तसं करू, बाबा. आईंना विचारा."

मी आईंना विचारलं.

"मला काय विचारता? पोरांना सोयीचं ते करा." मग बराच वेळ गेल्यावर, भांडी लावता लावता: "विहीणबाईंना मी फोन करू का? रीतसर बोलावलेलं बरं."

इथे आमच्याकडच्या बोलावण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच बिघडलं. मुक्कामाचं बोलावणं पहिल्या वेळी नाकारायचं असतं. दुसऱ्या वेळीही नाकारायचं असतं, फक्त जरा मऊपणानं. तिसरं बोलावणं लगेच करायचं नाही. एक दिवस जाऊ द्यायचा, म्हणजे बोलावणारा आग्रहानं परत आला असं दिसतं, आणि मग पाहुण्यानं "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून यायचं. यात कुणी कुणाला फसवत नाही. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो आणि दोन नकारांवर थांबणारा कोरडा. विहीणबाई मूळच्या जुन्नरकडच्या, पण ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

बायकोनं पदर नीट करून फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण तिचा फोन तेवढाच चालतो.

"विहीणबाई, पोरं पार्कला येतायत म्हणे. मुक्काम घरीच करायचा हां दोन्ही रात्री."

"अगंबाई! कशाला तुम्हाला त्रास? आम्ही पाचजण."

"त्रास कसला त्यात? दोन खोल्या नुसत्या पडल्यायत. आणि मी पोपटी लावणारे शेतात. वालाच्या शेंगा कशा भरल्यायत यंदा!"

पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी भरून, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. आमच्याकडचा थंडीतला सण तोच.

"पोपटी!" पलीकडून आवाज आला, आणि त्या आवाजात खरी भूक होती. मग सावरून, "नको हो, खरंच. नातवाची तिकडेच सोय होतेय म्हणतोय मुलगा. कशाला उगाच धावपळ तुमची?"

"बघा हं," बायको समाधानानं म्हणाली आणि फोन ठेवला. दुसरा नकार मऊ होता, तिला हवा होता तितकाच. "उद्या सकाळी परत करते," मला म्हणाली. "आज लगेच बरं दिसत नाही." आणि ती भांबुर्डा कुठे मिळेल ते शेजाऱ्याला विचारायला गेली.

पुण्यात जावई त्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं आईला दोनदा स्पष्ट शब्दांत "नको" म्हणताना ऐकलं. त्याच्या जगात माणूस दोनदा नको म्हणाला तर त्याला नको असतं, आणि ते जग काही वाईट नाही. त्यानं तिथल्या तिथे आतल्या दोन खोल्या, दोन रात्री, पक्क्या केल्या. आम्ही जेवत असताना ग्रुपवर हिरवी खूण आली आणि खाली: 'डन. आईंना त्रास नको.' दोन्ही आईंना एकच शब्द असल्यामुळे त्यानं कुणाचा त्रास वाचवला ते कळायला मार्ग नव्हता.

लेकीचा फोन आला तेव्हा ती दबक्या आवाजात बोलत होती. "आई, इकडे सासूबाई चिडल्यात माझ्यावर. म्हणतायत, तुझ्या आईनं परत बोलावलंच नाही."

"अगं, उद्या करणार होते."

"हो, ते मला माहितीय. पण यानं पैसे भरलेत गं, आणि आता ते रद्द होत नाही. सासूबाई म्हणतायत, त्याला काही बोलू नको, त्याला वाईट वाटेल."

"नको नको, बोलू नको. चांगल्या मनानं केलंय त्यानं."

अशा रीतीनं सगळ्यांना जे नको होतं ते सगळ्यांनी मिळून मान्य केलं. विहीणबाईंना पोपटी हवी होती, बायकोला लेक हवी होती, लेकीला झोप हवी होती, आणि जावयाला सगळ्यांचं सुख हवं होतं. एकानं तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. पण तोंड उघडलं तर जावयाचं चुकलं असं व्हायचं, आणि निघायच्या आठवड्यात जावयाचं चुकलेलं कुणालाच परवडत नव्हतं. मीही गप्प बसलो. ज्या प्रश्नावर मी तज्ज्ञ म्हणून नेमला गेलो होतो त्याचा निकाल माझ्या जेवणाच्या ताटावर मला कळला होता.

गोधड्या मात्र बायकोनं परत माळ्यावर टाकल्या नाहीत.

शनिवारी सकाळी ती मंडळी घाट उतरून थेट आत गेली. नातवानं मनगटावरच्या पट्ट्याचा फोटो पाठवला. मग विहीणबाईंनी नाश्त्याचा पाठवला: त्यांच्या शेजारी मोठ्या डोक्याचा एक उंदीर, आणि त्या त्याच्याकडे जावईशोध लागल्यासारख्या बघतायत. दुपारी बाराच्या सुमारास लेकीचा फोन.

"आई, मी येते आत्ता. पोरगा जेवून झोपेल दुपारी, बाकीचेही पडतील जरा. आत राहायचा तेवढा एक फायदा आहे, मधे बाहेर पडता येतं. ड्रायव्हरला घेऊन गाडीनं येते. संध्याकाळी पार्कात कार्टूनांची मिरवणूक असते, तिच्याआधी परत पोचायचंय."

"ये. जेवायलाच ये," बायको म्हणाली, आणि फोन ठेवून शेताकडे जवळजवळ धावली.

शेजाऱ्यानं आपल्या पाहुण्यांसाठी मडकं भरून ठेवलेलं होतं, रात्री लावायचं. "काकी, आत्ता? भर दुपारी पोपटी? लोक हसतील."

"हसू देत. लाव."

त्यानं लावली. दुपारच्या उन्हात जाळ दिसतच नव्हता, नुसती हवा हलत होती. बायकोनं मागच्या खोलीतला पलंग झटकला, दोन गोधड्या एकावर एक घातल्या, खिडकीला जुनी चादर लावून अंधार केला. एका रात्रीचा हट्ट सोडून ती आता एका दुपारवर आली होती.

मग फोन यायला लागले. पहिला खोपोली सोडल्याचा. दुसरा, "पळसदरीच्या अलीकडे जरा ट्रॅफिक आहे." तिसऱ्यात लेकीचा आवाज उतरलेला: गाडी जागची हलत नव्हती. पुढे कुठल्याशा कंपनीच्या सहलीची लांबलचक बस एका व्हिलाच्या अरुंद फाट्यावर वळताना आडवी अडकली होती. तिच्या मागे दोन्ही बाजूंनी मुंबईचा शनिवार साचला होता. बाहेर राहायला आलेल्या माणसांनी आत राहणाऱ्या माझ्या लेकीची वाट अडवली होती.

"मी परत जाऊ का, आई?" ती म्हणाली. "मागची वाट अजून मोकळी आहे. उशीर झाला तर मिरवणूक चुकेल त्याची."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी थेट मागितलं.

"अहो, स्कूटर काढा."

"अगं, पण पोपटी..."

"काढा म्हटलं ना!"

शेजाऱ्याला मडक्याजवळ बसवून आम्ही निघालो. कर्जत ओलांडून पळसदरीच्या रस्त्याला लागलो तशी गाड्यांची रांग सुरू झाली. मी या वयात कधी नव्हे ते चुकीच्या बाजूनं, मातीतून, लोकांच्या शिव्या ऐकत स्कूटर काढली. एका गाडीतून कुणीतरी ओरडलं, "अंकल, घाई कसली? आपण पण पार्टीलाच चाललोय!" बस दिसली. तिच्याभोवती टोप्या घातलेले लोक फोटो काढत होते. बस ओलांडली, आणि बऱ्याच अंतरावर पांढऱ्या गाडीच्या काचेतून लेक हात हलवताना दिसली.

मी स्कूटर एका बंद टपरीच्या आडोशाला लावली. बायको मागे लेकीजवळ बसली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर पुण्याचा, सभ्य मुलगा होता. त्यानं गाणी बंद केली.

काही विशेष बोलणं झालं नाही. माणसं जन्माचा निरोप घेताना काय बोलतात ते मी पुस्तकांत पुष्कळ वाचलंय. त्या गाडीत मसाल्याचं बोलणं झालं. गोडा मसाला विमानात नेऊ देतात का, आणि पिशवीतून वास आला तर काय करायचं. नातवाचा स्वेटर आखूड होतो ते. विहीणबाईंनी उंदराला लाडू देऊ केला ते. लेक हसली.

"दमलीस," बायको म्हणाली.

"नाही गं."

"टेक जरा. गाडी कुठे चाललीय का?"

लेकीनं आधी नुसती मान मागे टाकली. मग पाय वर घेतले. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती जवळपास चाळिशीची आहे, एका कंपनीत पंधरा माणसं तिच्या हाताखाली आहेत, आणि ती मधेच एक शब्द अर्धा टाकून झोपली. तोंड किंचित उघडं, मनगटावर आतल्या मुक्कामाचा तो चकचकीत पट्टा. बायकोनं पदर तिच्या डोळ्यांवर धरला, ऊन येत होतं म्हणून. हात अवघडला तरी खाली घेतला नाही.

आम्ही तसे बसून राहिलो. बाहेर भोंगे वाजत होते. मी मनात प्रार्थनेसारखं काहीतरी म्हणत होतो. त्या बसचं काही जमू नये, निदान इतक्यात तरी जमू नये, असं. आधी त्याच बसला मी रस्ताभर शिव्या दिल्या होत्या.

पण जमलं. पुढून ओरडा झाला, रांग हलली. त्याच वेळी माझा फोन थरथरला. जावई.

"बाबा, काही घाई नाही हां," तो म्हणाला, खरोखर प्रेमानं. "फक्त तो उठलाय आणि मम्मा कुठे विचारतोय. मिरवणुकीत तिच्याबरोबरच जायचंय म्हणतो. पण तुम्ही निवांत या."

मी फोन ठेवला. ड्रायव्हर कुजबुजला, "सर, रस्ता खुला झाला. पुढं घेऊ का मागं वळवू? पुढं गेलो तर तुमचं घर येईल, पण मग संध्याकाळपर्यंत परत पोचत नाही आपण."

म्हणजे तो प्रश्न फिरून माझ्याकडेच आला होता. मी मागे बघितलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. लेकीकडे बघत होती. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. एक जण येऊन काचेवर टकटक करणार, तेवढ्यात बायकोनं दुसरा हात वर केला, त्याला थांबवायला, आणि तो खरंच थांबला.

"वळवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "पण हळू. खड्डे बघून."

मी उतरलो, कारण स्कूटर तिथेच होती. गाडी वळली, आणि मी तिच्या मागोमाग निघालो. मागच्या काचेत बायकोचं एकटीचं डोकं दिसत होतं. मांडीवर झोपलेली लेक दिसत नव्हती. खोपोलीपर्यंत ते डोकं एकदाही मागे टेकलं नाही. ड्रायव्हरनं गाडी इतकी हळू नेली की मलाच दोनदा ब्रेक दाबावा लागला.

पार्कच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा शिट्टी घेतलेला रखवालदार आला आणि पट्टा बघायला काचेतून वाकला. बायकोनं त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. तोही आमच्याकडचाच असावा. त्यानं शिट्टी खिशात घातली आणि मागच्या गाड्यांना हातानंच बाजूनं जायला सांगितलं. पण ते किती वेळ चालणार? कुणीतरी भोंगा दाबलाच. लेक दचकून उठली. ती काय म्हणाली ते मला बायकोनं नंतर सांगितलं.

"आलं का घर?"

"आलं," बायको म्हणाली आणि दार उघडलं.

मग लेक उभी राहिली, केस बांधले, आजूबाजूला बघितलं आणि तिला सगळं समजलं. माझ्या गळ्यात पडली, आईच्या गळ्यात पडली. आत कुठेतरी ढोल वाजायला लागले होते. "जा," बायको म्हणाली. "तो वाट बघतोय." लेक गाडीत बसली आणि गाडी आत गेली.

बायको स्कूटरवर माझ्या मागे बसली. रखवालदार म्हणाला, "काका, हितं थांबता येत नाय, हां. गाड्या येतात आतल्या." मी स्कूटर सुरू केली. कर्जतच्या चारफाट्याला सिग्नलसाठी थांबलो तेव्हा तिनं मागून विचारलं, "तासभर तरी झोपली असेल ना हो?"

मी घड्याळ बघितलं नव्हतं.

"असेल," मी म्हटलं. "जास्तच असेल."